वेबसाइटवर लागलेला फ्लेक्स

या, असे पुढे सरका. कीर्तनात मागच्या खांबाला टेकून बसणाऱ्यांना अर्धंच ऐकू येतं आणि घरी जाऊन ते पुरतं चुकीचं सांगतात. तसं नको. आज एका दुकानाची गोष्ट सांगतो. शटर रोज सकाळी उघडत होतं, माणूस आत बसलेला होता, आणि तरी ते दुकान महिन्याभरात जगाच्या नजरेतून नाहीसं झालं.

दुकान जगदेवचं. आपल्या अकोल्याकडच्या मालेगावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. जगदेव मृदंग दुरुस्त करतो. माझा निम्मा जन्म कीर्तनं ऐकण्यात गेला, म्हणून ठासून सांगतो: बुवांचा आवाज बसला तरी निभतं, टाळकरी चुकला तरी सांभाळून घेता येतं, पण मृदंगाच्या तोंडावरचा तो काळा गोल थर, शाई म्हणतात तिला, ती उडाली की अख्खं कीर्तन लंगडायला लागतं. ती शाई जगदेवसारखी लावणारा या बाजूला दुसरा नाही.

त्याची सून वैजयंती. नवरा चाकणला कंपनीत. ही इथे राहिली ती सासऱ्याच्या हाताखाली काम शिकायला. शाई घोटता घोटता तिनं दुकानाची वेबसाइट केली. अगदी साधी. मृदंग कधी दुरुस्तीला आला हे कसं ओळखावं, पार्सल कसं बांधावं, किती दिवस लागतात, सगळं आपल्या बोलण्यातल्या मराठीत लिहिलेलं. गूगलवर कुणी ‘मृदंग दुरुस्ती’ टाकलं की जगदेवचं दुकान सगळ्यांत वर यायचं. हिंगोली, अकोला, बुलढाणा, कुठून कुठून फोन यायचे. यष्टीच्या टपावरून मृदंग उतरायचे.

आता हरीओमचं सांगतो. जगदेवचा पुतण्या. त्याचा फ्लेक्स छापायचा धंदा आहे. मालेगावात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची कुठल्या कमिटीवर निवड असो, हरीओमच्या मशीनमधून हात जोडलेली थोबाडं बाहेर पडतात आणि चौकातला उरलासुरला उजेड अडवतात. त्यात त्यानं पंधरा दिवसांचा कसला कोर्स केला. तेव्हापासून स्वतःला डिजिटल एक्स्पर्ट म्हणवतो. हे त्याच्या गाडीवरही लिहिलंय.

नवरात्रात वैजयंती चार दिवस माहेरी कारंज्याला गेली, आणि हरीओम काकाकडे आला.

"काका, काय वेबसाइट होय ही? नुसते अक्षरं! ना फोटो, ना माणसं. लोक म्हणतीन, या दुकानाले कोणी विचारतच नाही का?"

"मले काय समजते त्यातलं? वैजू आली का तिले विचार."

"तिले कायले विचारा लागते? पासवर्ड द्या. दसऱ्यापर्यंत अशी करतो का दुनिया पाहत राहीन."

जगदेवनं दिला. घरचं पोरगं, हौसेनं करतंय म्हणून.

हरीओमला काय येतं? फ्लेक्स. त्यानं तेच केलं. वैजयंतीचं अक्षर न् अक्षर पुसलं आणि प्रत्येक पानावर एक एक अख्खा फ्लेक्स चिकटवला. मध्ये मृदंग, इतकुसा. वर, खाली, दोन्ही बाजूंना चौदा शुभेच्छुक. सगळ्यांत मोठा फोटो धनराजभाऊंचा, काळा चष्मा लावलेला. हे भजनी मंडळाचे अध्यक्ष. बारा वर्षांत यांच्या हातात मी टाळ पाहिलेला नाही, हार मात्र प्रत्येक सप्त्यात पाहिलाय. दुकानाचं नाव, काम, फोन नंबर, सगळं त्या चित्रातच रंगवलेलं.

वैजयंती परत आली, पाहिलं, कपाळाला हात लावला. पण जगदेव म्हणाला, "राहू दे बाप्पा. चौदा माणसायचे तोंडं आहेत. काढले त चौदा घरं रुसतीन." तिनंही राहू दिलं. रंग भडक झाले, एवढंच तिला वाटलं.

दिवाळीच्या आत फोन थांबले. कमी झाले नाहीत, थांबले. मार्गशीर्षात सप्ते सुरू होतात. त्याआधीचा हा महिना म्हणजे जगदेवला जेवायला फुरसत नसते. आणि यंदा तो दारात बसून रस्त्यावरची जनावरं मोजतोय. वैजयंतीनं मोबाइलवर शोधून पाहिलं. पहिल्या पानावर दुकान नाही, दुसऱ्यावर नाही. पाचव्या पानावर सापडलं, आणि त्याच्या वर कोण? मोबाइलवर लावायला मृदंगाचे फोटो वाटणारं एक दुकान, आणि पोराचं नाव मृदंग ठेवावं का, हे सांगणारं एक पान!

हरीओमला बोलावलं. तो खुर्ची उलटी करून बसला.

"अल्गोरिदम बदलला," म्हणाला.

"म्हणजे काय झालं, भाऊजी?" वैजयंतीनं विचारलं.

"ते तुमाले नाही समजणार, वहिनी."

समजावण्यासारखं त्याच्याजवळ काही असतं तर समजलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं निदान बदललं: सर्व्हर थकला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, दृष्ट लागली, आणि खरोखर कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधून गेला. शेवटी त्यानं उपाय काढला तो ऐका. मारुतीच्या पारावर तीसेक पोरं बसवली आणि सांगितलं, काकाची वेबसाइट उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. दोन दिवस ती पोरं अंगठे झिजवत होती. मी देवाला हात जोडायला गेलो तर पारावर पाय ठेवायला जागा नाही. तेवढा वेळ त्या तीस अंगठ्यांनी जपमाळ ओढली असती, तर निदान मारुतीला तरी बरं वाटलं असतं. दुकान पाचव्या पानावरून सातव्यावर गेलं.

तेव्हा जगदेवनं चाकणला फोन केला. पोरानं तिथे एका सोसायटीत वॉचमनची जागा पाहून ठेवली होती.

"दत्तजयंतीपर्यंत पाहतो," जगदेव म्हणाला. "सप्त्याचं काम नाही आलं त कुलूप लावतो न् वैजूले घेऊन येतो."

वैजयंती आत शाई घोटत होती. तिचा दगड थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तीन वर्षांत तिचा हात आता कुठे बसायला लागला होता.

कार्तिकी पौर्णिमेनंतर दौलतसिंग आला. इंझोरीकडच्या एका तांड्यावरचा मृदंगवादक. त्याला जन्मापासून दिसत नाही. एकटा यष्टीनं येतो, मृदंग मांडीवर घेऊन, आणि कंडक्टरलाच सांगतो की मालेगाव आलं. त्याच्या मोबाइलमधली बाई पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवते. त्यावर तो जगदेवची पानं ऐकायचा.

बसता बसताच म्हणाला, "जगदेवदादा, तुयी वेबसाइट काहून बोलत नाही?"

"बोलत नाही म्हणजे?"

"पहिले बोलत होती नं. वैजूताईनं लिवलेलं समदं मले पाठ आहे. दसऱ्यापासून मुकी झाली. मले वाटलं तुमी दुकानच बंद केलं."

त्यानं मोबाइल काढून शाईच्या पाटावर ठेवला. बाईचा थंड आवाज आला: "प्रतिमा. लेबल नाही." त्यानं बोट फिरवलं. "प्रतिमा. लेबल नाही." दुसरं पान उघडलं. "प्रतिमा. लेबल नाही."

चौदा शुभेच्छुक, अध्यक्ष, चष्मा, हार, आणि त्या बाईला त्यातलं एकही माणूस म्हणून ओळखता येत नव्हतं. मी तिथंच बसलो होतो; मला तर फार बरं वाटलं.

हरीओम तिथंच होता. हसला. "आंधळ्यायसाठी कोणी वेबसाइट बनवते का?"

वैजयंती हातातला दगड घेऊनच उठली. "भाऊजी, गूगलले डोये आहेत का?"

"म्हणजे?"

"तेबी असंच वाचते. अक्षरं. तुमी अक्षरं पुसले न् तोंडं लावले. मृदंग दुरुस्ती हा शब्द आपल्या पानावर कुठं आहे सांगा बरं! चित्रात आहे. तो त्याले दिसलाच नाही. मंग कायच्या भरवशावर वर ठेवन ते आपल्याले?"

"पण लूक पाहा नं, वहिनी..."

"लूक पारावर नेऊन लावा," दौलतसिंग म्हणाला.

रोग सापडला, पण औषध चौदा घरांतून जात होतं. संध्याकाळी धनराजभाऊ स्वतः आले. बातमी त्यांना हरीओमनंच पोचवली होती.

"जगदेव, माहा फोटो काढून राह्यला म्हणे?"

"हो, भाऊ."

"सप्ता मंडळाचा आहे, हे ध्यानात आहे नं? यंदा आपले मृदंग नागपूरले पाठवीन मी. तुया दुकानात मंडळाचा माणूस पाय नाही ठेवणार."

मंडळाचे सहा मृदंग म्हणजे त्या घडीला जगदेवजवळ उरलेलं एकमेव मोठं काम. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. हा माणूस उभ्या आयुष्यात कुणाला वर आवाजात बोललेला नाही.

जगदेवनं मांडीवरचा मृदंग हळूच खाली ठेवला. "भाऊ, तुयं तोंड मृदंगावर मढवून आवाज निंगत असता, त ठेवलं असतं. नाही निंगत. वैजू, काढ."

धनराजभाऊ गेले. सहा मृदंग खरंच नागपूरला गेले.

वैजयंतीनं पहिल्यांदा वेबसाइट केली तेव्हा सगळं आधी एका वहीत लिहिलं होतं. ती वही धान्याच्या कोठीवर सापडली. दोन दिवस बसून तिनं पुन्हा सगळं टाइप केलं. दौलतसिंग मुक्कामाला राहिला. एकेक पान ऐकायचा आणि सांगायचा, इथं बाई अडखळते, इथं वाक्य लांबलं, मृदंगाचा फोटो ठेवा पण खाली लिहा कायचा आहे तो. मग तिनं गूगलला कळवायची जी सोय असते तिथून कळवलं, की पानं बदललीत, परत वाचा.

लगेच काही झालं नाही. आठवडाभर सातवं पान सातवंच. मग चौथं. मग दुसरं. दत्तजयंतीला सहा दिवस होते, तेव्हा हिंगोलीकडच्या एका गावाहून फोन आला: आठ मृदंग आहेत, सप्त्याआधी होतील का? जगदेवनं फोन कानापासून लांब धरला आणि वैजयंतीला विचारलं, "होतीन का व?"

"चार तुमी लावा मामाजी, चार मी लावतो."

तिच्या हातावर त्यानं आजवर गिऱ्हाइकाचा मृदंग सोपवला नव्हता. त्या दिवशी सोपवला. चाकणला फोन करून एवढंच म्हणाला, "वॉचमनची जागा दुसऱ्याले देऊन टाका म्हणा."

दुकान आज पहिलं नाही, चौथं येतं. हरीओम सगळीकडे सांगतो की अल्गोरिदम आपोआप सुधारला. त्याच्या गाडीवर एक्स्पर्ट आहे तसंच आहे. मंडळाचे मृदंग नागपूरहून आले आणि तिसऱ्या दिवशीच्या कीर्तनात त्यातल्या दोन मृदंगांची शाई उडाली. धनराजभाऊ तेव्हा हार घालून घेत होते, त्यांना ऐकू आलं नाही.

दौलतसिंग सप्ते वाजवत गावोगाव फिरतोय. तुमच्या गावात यंदा कीर्तन उभं राहील, बुवा पहिला अभंग घेतील आणि मृदंगावर पहिली थाप पडेल. तेव्हा घटकाभर डोळे मिटा, आणि त्याची आठवण काढा. एवढं माझ्यासाठी करा.