तळ नसलेली गाडी

पेट्रोलचे भाव पहिल्यांदा वाढले तेव्हा लोकांनी सरकारला शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा वाढले तेव्हा घरातल्या घरात एकमेकांना दिल्या. तिसऱ्या खेपेला मात्र शिव्यांत वेळ न दवडता जो तो जुनी छोटी गाडी शोधायला बाहेर पडला. कालपर्यंत ज्या गाड्यांना लोक ‘डबडं’ म्हणून हसत होते, त्या लीटरमागे वीस किलोमीटर चालतात एवढ्या एका गुणावर एकदम भाव खाऊ लागल्या.

सिस्टरला तर गाडीवाचून गत्यंतरच नव्हतं. दवाखान्याच्या वतीनं ती रोज बारा घरं फिरायची. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची लघवीची नळी बदलणं. सासऱ्यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी घेतलेली मोठी गाडी ती वापरत होती. सासरे गेल्या वर्षी गेले, खुर्ची देऊन टाकली, आणि गाडी मात्र पेट्रोल पीत राहिली. शेवटी तिनं ती पडेल भावात विकली आणि मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठच्या आवारात जाऊन एक लाल, छोटी, चकचकीत गाडी घेतली.

शेठ गोड माणूस. ही एका डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर याखेरीज ती कुठे गेलेलीच नाही, असं त्यानं सांगितलं. मीटर चाळीस हजारांवर होता. सिस्टरच्या मागे आणखी दोन गिऱ्हाइकं त्याच गाडीवर डोळा ठेवून उभी होती, त्यामुळे विचार करायला तिला जेमतेम दहा मिनिटं मिळाली. किंमत तिच्या हिशेबाबाहेरची होती, पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. तिनं सही केली.

दहा दिवस गाडी गुणानं चालली. अकराव्या दिवशी एका गल्लीत पाण्याचा पाइप फुटला होता. त्या डबक्यातून गाडी काढताना सिस्टरचा उजवा पाय ओला झाला. काचा बंद, दार बंद, आणि पाय चिंब. तिनं गाडी कडेला घेऊन पायाखालची चटई उचलली, तर खाली डांबरासारखं काहीतरी काळं चोपडलेलं होतं आणि त्याच्या कडेनं पाणी वर येत होतं.

ती तशीच मेकॅनिककडे गेली. दवाखान्याच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडेच यायच्या. मितभाषी माणूस. त्यानं गाडी वर उचलली आणि तो खाली जाऊन उभा राहिला. मग त्यानं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ड्रायव्हरच्या सीटखाली टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाचे पापुद्रे खाली पडले, त्यांच्यामागोमाग पत्र्याचा तुकडा आणि बोळा करून कोंबलेला वर्तमानपत्राचा कागद.

“ही गाडी मी ओळखतो,” तो म्हणाला. “तेव्हा पांढरी होती.”

मागच्या चाकाजवळचं वेल्डिंग त्याच्याच हातचं होतं. गाडी डॉक्टरांची नव्हती, शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची होती. सीट ज्यावर बसवलेली असते तो पायाच कुजलाय, आता वेल्डिंगही धरणार नाही, हिला रस्त्यावर आणू नका, असं त्यानंच बाईंना सांगितलं होतं. तेव्हा मीटरनं दोन लाखांचा टप्पा ओलांडला होता.

“एखादा जोराचा दणका बसला असता,” तो हात पुसत म्हणाला, “तर सीट तुमच्यासकट खाली आली असती.”

सिस्टरला आदल्या दिवसाची आठवण झाली. मुलगी पोहायला जाताना हट्टानं पुढे बसली होती, आणि सासूबाई मागे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती थेट शेठच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. शेठनं शांतपणे कागद काढून तिची सही दाखवली. सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलं होतं की गाडी ‘जशी आहे तशी’ घेतली आहे. मीटरबद्दल त्यानं कानांवर हात ठेवले. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. गाडी इथं आणून लावा. दोन दिवसांत दुसऱ्या कुणाला तरी विकून देतो. बाजार असा आहे की वर तुम्हालाच चार पैसे सुटतील.”

फसवलं याचा राग होताच. पण हे ऐकल्यावर तिला जो राग आला तो निराळाच होता. ती तशीच वळून बाहेर आली.

घरी आल्यावर तिला वाटलं होतं, निदान इथं तरी कुणी चिडेल. नवरा पोस्टात होता, भला माणूस, भांडणाला भिणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मुलीच्या नावानं त्याचा चेहराही उतरला, आणि मग तो हळूच म्हणाला की शेठ म्हणतोय ते वाईट नाही, आपण तरी सुटू.

“आणि त्या सीटवर कोण बसेल?” तिनं विचारलं.

“ते आपल्याला काय माहीत?”

“मला माहीत आहे. माझ्यासारखंच कुणीतरी बसेल. शेजारी पोराला घेऊन.”

सासूबाईंनी मध्ये पडून विचारलं, जगाचा मक्ता तू घेतला आहेस का. दवाखान्यातल्या मैत्रिणींचंही तेच मत पडलं. एकीनं तर जाहिरातीत काय लिहायचं तेसुद्धा सुचवलं. सिस्टरला शेठपेक्षा आता या सगळ्या चांगल्या माणसांचाच जास्त संताप यायला लागला. चोरी एकानं करायची आणि बाकीच्यांनी शहाणपण म्हणून ती पुढे सरकवायची, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर ती मेकॅनिककडून पत्ता घेऊन त्या बाईंकडे गेली. बाईंनी कपाटातून फाइल काढली. त्यात शेठच्या शिक्क्याची पावती होती: ‘गाडी मोडीत काढण्यासाठी स्वीकारली.’ कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या मुलानं ती गाडी मागितली होती, चांगले पैसे देत होता, तरी बाईंनी त्याला दिली नव्हती.

“मी गाडी मोडायला दिली होती,” बाई म्हणाल्या, “माणसं मोडायला नाही.” त्यांनी पावती सिस्टरच्या हातात ठेवली आणि चपला पायांत सरकवत मी पण येते म्हणाल्या. त्यांना शनिवारपर्यंत थांबवताना सिस्टरच्या नाकी नऊ आले.

शनिवारी सकाळी शेठच्या आवारात पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवशी मेकॅनिकनं लाल गाडी टो करून आणली, फाटकासमोर आडवी उभी केली, जॅक लावून वर उचलली आणि खाली भक्कम ठोकळे दिले. ड्रायव्हरची सीट त्यानं आधीच काढून ठेवली होती. चटई काढली, डांबर खरवडलं, आणि गाडीच्या तळातून खालचा रस्ता दिसू लागला. शेजारी सिस्टर पांढऱ्या गणवेशात पावती घेऊन उभी राहिली. बाई एका खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची त्यांनी शेठच्याच ऑफिसातून मागून आणली होती.

सिस्टरनं भाषण केलं नाही. येणाऱ्याला ती फक्त आत वाकून बघा म्हणायची. माणसं वाकून बघायची, पावती वाचायची, आणि मग आवारातल्या बाकीच्या चकचकीत गाड्यांकडे वेगळ्याच नजरेनं बघायची.

शेठ आधी हसत आला. मग हात जोडले. मग पोलिसांना बोलावतो म्हणाला. बोलवा, असं सिस्टर म्हणाली. हवालदार आला, रस्ता अडवल्याबद्दल खडसावू लागला, आणि बोलता बोलता त्यानं गाडीत हात घातला. त्याची बोटं खालून बाहेर आली. ती बघून त्यानं खिशातून वही काढली.

तेवढ्यात नवरा आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. तो तिच्याशेजारी उभा राहिला आणि तिच्या हातातली पावती स्वतःकडे घेऊन येणाऱ्यांना दाखवू लागला.

शेवटी शेठनं तिला बाजूला घेतलं. सगळे पैसे आत्ता, रोख, परत देतो. गाडी ठेवा आणि जा.

“पैसे घेईन,” ती म्हणाली. “गाडी इथं राहणार नाही. इथून सरळ तोडायला जाईल, आणि ती तुटताना मी समोर उभी असेन.”

पैसे परत घेतल्यावर गाडी माझी, तिचं काय करायचं ते सांगणाऱ्या तुम्ही कोण, असं शेठनं विचारलं. चोर तो चोर, वर शिरजोर. ती उत्तर देणार तोच मागच्या गर्दीतला एक जण म्हणाला की मी बघतोय ती निळी गाडीही जरा उचलून दाखवा. दुसऱ्याला राखाडी उचलून हवी होती. मेकॅनिक जॅक घेऊन निघालासुद्धा. शेठनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा आपल्या पंचवीस गाड्यांकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढून तिजोरी उघडायला आत गेला.

दुपारी ती आणि नवरा टो गाडीच्या मागोमाग भंगारवाल्याकडे गेले. यंत्राच्या दोन दाबांत गाडीची गादीएवढी जाडी झाली. सिस्टरला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पण तिला रडू आलं आणि रागही तसाच राहिला. नवऱ्यानं, माझं चुकलं, एवढंच म्हटलं.

सिस्टरच्या अर्जावरून वाहन कार्यालयानं दोन महिन्यांत शेठचा परवाना रद्द केला. तिसऱ्या महिन्यात त्याच जागी त्याच्या मेव्हण्याच्या नावाची पाटी लागली. ते बघून सिस्टरनं वाहन कार्यालयात दुसरा अर्ज दिला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

ती बसनं फिरू लागली. बाराची नऊ घरं झाली, आणि उरलेल्या तिघांच्या पट्ट्या दुसऱ्या दिवसावर जाऊ लागल्या. तेव्हा ती प्रवासभत्ता वाढवून मागायला दवाखान्याच्या ऑफिसात गेली. तिथल्या बाबूनं मान वर न करता सांगितलं की भत्ता वाढणार नाही. सिस्टरनी त्यापेक्षा एखादी जुनी छोटी गाडी बघावी, हल्ली सगळे तेच करतात, पेट्रोल खूप वाचतं.

सिस्टरनं समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि त्याच्या टेबलावरचा फोन बाजूला सरकवून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.