सपनाच्या हाडांची हाक

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिलं असेल. रक्त गरगर फिरवणारं मी एक म्हातारं यंत्र आहे. लॅबमध्ये मला सेंट्रिफ्यूज म्हणतात. पोटात आठ भोकांची चकती, वर झाकण, पुढे एक बटण, एवढाच माझा देह.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. मला जोडणारा कारागीर उत्तरेकडचा होता. शेवटचा स्क्रू पिळून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चल बेटा, घूम के दिखा!" मी असा फिरलो की झाकणावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना चहा मिळाला.

पुढे मी बोईसर स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये आलो. तिथे माझा सांभाळ धर्माजींनी केला. धर्माजी समुद्रकाठच्या मुरबे गावचे. वडील होडीवर जायचे, यांनी मात्र लॅबचं शिक्षण घेतलं. ते रक्ताची नळी माझ्या पोटात ठेवायचे आणि तिच्या बरोब्बर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी. वजन जरा इकडेतिकडे झालं तर मी थडथड उडतो. दहा मिनिटं फिरलो की लाल पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर, नितळ पाणी उरतं. त्याला सीरम म्हणतात. माणसाच्या शरीरात काय चाललंय ते त्या पाण्याला ठाऊक असतं. बारा वर्षं मी ते वेगळं करत राहिलो, पण त्यात काय लिहिलंय ते मला कधी कळलं नाही.

मग लॅबमध्ये काचेच्या पडद्याचं नवं यंत्र आलं. धर्माजी निवृत्त झाले आणि मी जिन्याखाली गेलो, फिनेलच्या बाटल्यांशेजारी. माझ्या एका भोकात पालीने अंडी घातली. पाच वर्षं कुणी माझं झाकण उघडलं नाही.

ते उघडलं समिधा सावेने. तारापूरच्या वाडीवाल्या घरातली ही मुलगी शिकून रेणवीय जीवशास्त्रज्ञ झाली होती. पेशींच्या आत, डोळ्यांना न दिसणारे जे व्यवहार चालतात, त्यांचा शोध घेणं हे तिचं काम. इथल्या लोकांच्या हाडांचं दुखणं रक्तात शोधण्यासाठी तिला पाड्यापाड्यांवर नेता येईल असं दणकट यंत्र हवं होतं. लॅबवाल्यांनी तिला धर्माजींचा पत्ता दिला. ते आले, मला मांडीवर घेऊन बसले, माझ्या मोटरला वीज पोचवणारे झिजलेले कार्बन ब्रश बदलले आणि बटण दाबलं. मी फिरलो.

"अजून दम हाय गड्यात," ते म्हणाले. "आनि माज्यात पन हाय. याला सांभालायला मी येतो तुज्यासंगं."

असे आम्ही तिघे जीपमधून फिरू लागलो. सातपाटीला बोंबील वाळवणाऱ्या बायकांचं रक्त घेतलं. त्यांच्यातल्या रंभाबाई दंड पुढे करून म्हणाल्या, "घे बाय. जलम उन्हात गेला माजा, माज्या रगतात सूर्यच दिसंल तुला!"

समिधा हसली नाही. "खरंच दिसतो, मावशी," ती म्हणाली.

त्या दुपारी नळ्या फिरत असताना तिने धर्माजींना सगळं समजावलं आणि मित्रांनो, मी फिरता फिरता ऐकत राहिलो. ऊन कातडीवर पडतं, तेव्हा कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. रक्तातलं एक प्रथिन त्याला पाठीवर घेतं. आधी यकृतात नेतं, मग मूत्रपिंडात. तिथे त्याला धार येते. ते धारदार रूप आतड्याच्या पेशीत शिरतं आणि आत वाट पाहत बसलेल्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या कुशीत जाऊन बसतं. किल्ली कुलपात बसावी तसं. मग पेशी नवी प्रथिनं घडवते, आणि ती प्रथिनं अन्नातलं कॅल्शियम आत ओढून घेतात. त्यातूनच हाड उभं राहतं.

"एवढं सगलं? न सांगता, न विचारता?" धर्माजींनी विचारलं.

"न थांबता, काका. आत्ता तुमच्यातही चाललंय."

धर्माजी स्वतःच्या मनगटाकडे बघत बसले. इतकी वर्षं मी काय वेगळं करत होतो, ते मला त्या दिवशी समजलं.

मग आम्ही डोंगराकडच्या एका पाड्यावर गेलो. तिथे सपना होती. सात वर्षांची. तिचे दोन्ही पाय गुडघ्यांपासून बाहेर वाकलेले, धनुष्यासारखे. शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. हाड कापून सरळ करायचं आणि पुढच्या महिन्याची तारीखही मिळाली होती. तिची आई ठकी तिला कडेवर घेऊन शाळेच्या ओट्यावर उभी राहिली.

"तीनदा पुडी दिली डागदरनी, ड का काय ती. पाय हायत तसेच. आता सुई नको."

"एकदाच टोचू, ताई," समिधा म्हणाली. "पुड्यांनी गुण का नाही आला, ते रक्तच सांगेल. पाय कापण्याआधी एकदा विचारून तरी बघू."

ठकीने पोरीच्या वाकड्या पायांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "एकदाच."

रक्त घेतलं, ते नळीत गोठून बसलं आणि तेवढ्यात वीज गेली. बाहेर वैशाखाचं ऊन होतं. तसंच पडून राहिलं तर रक्त बिघडलं असतं, आणि ठकीने दुसऱ्यांदा हात लावू दिला नसता. धर्माजींनी मला उचलून जीपमध्ये ठेवलं, इन्व्हर्टरला जोडलं आणि समोरच्या नळीत थेंब थेंब पाणी घालून वजन जुळवलं. जीप उतारावर होती. मी फिरू लागलो तसा थरथरलो, आत ठिणग्या उडाल्या, जळका वास आला. समिधाचा हात बटणाकडे गेला.

"थांब, करंल तो," धर्माजी म्हणाले आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

दहा मिनिटं मी जीव एकवटून फिरलो. झाकण उघडलं, तेव्हा नळीत सोनेरी, नितळ सीरम होतं. एक थेंबही गढूळ नाही.

तीन आठवड्यांनी समिधा तपासणीचा कागद घेऊन आली. पालघरच्या तिच्या खोलीत, माझ्याच टेबलाशी तिने तो वाचला आणि खुर्चीत बसली.

"माझं चुकलं, काका. इथल्या पोरांना ड कमी पडतं, असं मी तीन वर्षं लिहितेय. सपनाच्या रक्तात ते कमी नाहीये. आणि त्याचं धारदार रूप तर मी आजवर कुणातच पाहिलं नाही एवढं आहे. कुलपाच्या प्रथिनाचं जनुकही तपासलं, धड आहे."

"मंग अडलंय कुटं?"

त्यासाठी ती दुसऱ्याच दिवशी पाड्यावर गेली. मी आणि धर्माजी जीपमध्येच होतो. तिने ठकीला एवढंच विचारलं, की पोरगी खाते काय? ठकी म्हणाली, भात आणि मिरची. वर्षातले सहा महिने नवरा-बायको वीटभट्टीवर, तिथेही भात आणि मिरची. दूध नाही, नाचणी पेरायची राहून गेली, मासळी सणासुदीला.

समिधा जीपच्या पायरीवर टेकली. "काका, हिच्या आतड्यातली सगळी दारं उघडी आहेत. आत यायला कॅल्शियमच नाही. शरीर वर्षानुवर्षं हाका मारतंय, म्हणून ते धारदार रूप एवढं वाढलंय. आणि हृदय बंद पडू नये म्हणून हाडं स्वतःतला चुना, म्हणजे तेच कॅल्शियम, काढून रक्ताला देतायत."

सपना ओट्यावर चिंचोके खेळत होती. एवढ्याशा त्या देहात केवढी झुंज चालली होती!

समिधाने डॉक्टरांना कागद दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले, ऑपरेशन पुढे ढकललं आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या. शाळेच्या जेवणात नाचणीची भाकर आणि काट्यांसकट खाता येणारी बारीक सुकी मासळी आली. स्वतःच्या तीन वर्षांच्या कामाचा लेख समिधाने नव्याने लिहायला घेतला.

वर्षभराने ठकीने आपण होऊन पोरीचा हात पुढे केला. मी फिरलो. या वेळी आकडे शांत होते. हाका थांबल्या होत्या. एक्स-रेमध्ये हाडांची पुसट टोकं आता भरून आली होती. पाय अजून थोडे वाकलेले आहेत, पण सपना शाळेत चालत जाते. परवा ती धावताना पडली आणि गुडघा फोडून घेतला. ठकी तिला रागावली आणि रागावता रागावता हसू लागली.

मित्रांनो, माझे ब्रश पुन्हा झिजलेत. माझं काय व्हायचं ते होवो. तुम्ही मात्र आज जेवायला बसाल, तेव्हा क्षणभर थांबा. तुमच्या आत अगणित इवलीशी दारं या घडीला उघडी आहेत. त्यांना रिकामं ठेवू नका. आणि शेजारच्या पानात नुसता भात दिसला, तर आपल्यातली अर्धी भाकर तिकडे सरकवा.