चव्वेचाळीस पायऱ्या

मी एक जुना लोखंडी पूल आहे. माझ्याखालून नदी वाहत नाही, गाड्या वाहतात. जावा बेटावरच्या एका शहरात, बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर मी सोळा वर्षं उभा आहे. मित्रांनो, मला एक चूक कबूल करायची आहे.

माझे भाग कारखान्यात कापले, जोडले आणि क्रेनने उचलून इथे बसवले. उद्घाटनाला तिकडच्या रीतीप्रमाणे पिवळ्या भाताचा उंच ढीग रचला होता. आता इथे कोणी गाडीखाली येणार नाही, असं साहेब भाषणात म्हणाले. टाळ्या ऐकून मी फुगून गेलो. त्याच दिवशी माझ्याखालचे, पायी रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे डांबराने पुसले आणि रस्त्याच्या मधोमध कमरेएवढा कठडा घातला. तिकडे माझं लक्षच नव्हतं.

रस्त्याच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या बहिणी राहत. धाकटी वारसिनी उत्तरेच्या वस्तीत, थोरली सुमिरा पलीकडे बाजाराजवळ. मी येण्याआधी वारसिनी रोज सकाळी केळीच्या पानात गेथुक बांधून घेई. गेथुक म्हणजे उकडून कुटलेला गोड कसावा, वर ओलं खोबरं. पट्ट्यांवरून ती रस्ता ओलांडे, मग दोघी खात आणि मनसोक्त भांडत.

मी आल्यावर ती पहिल्यांदा माझ्या पायऱ्या चढली, तेव्हा एकोणिसाव्या पायरीवर खाली बसली. कॉलेजची मुलं तिला वळसा घालून वर गेली. कशीबशी पलीकडे उतरल्यावर ती बहिणीला म्हणाली, "यू, तुझ्याकडे यायचं म्हणजे आता डोंगर चढायचा." थोरल्या बहिणीला ती यू म्हणे.

"मग डोंगरावरच राहा की," सुमिरा म्हणाली. "मी खालून तुला नवस बोलते."

दोघी हसल्या. पण हळूहळू रोजचं येणं आठवड्यावर गेलं, मग सणावारावर. रिक्षाने जायचं तर वळण दोन किलोमीटर लांब. समोरासमोर राहणाऱ्या बहिणी एकमेकींना नुसत्या हात करू लागल्या. मला हे वरून दिसत होतं. वय झालं की असंच होतं, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

एके दिवशी निरोप आला की सुमिराला ताप भरलाय. वारसिनी तशीच निघाली. गुडघा सुजलेला होता. चार पायऱ्या चढून ती थांबली, वर पाहिलं आणि मागे फिरली. कठड्याचा एक गज कोणीतरी कापला होता, त्या फटीतून ती पलीकडे निघाली. मोटारसायकलवाल्याने ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. तिचं खुब्याचं हाड मोडलं.

गर्दीतला एकजण म्हणाला, "डोक्यावर एवढा पूल असताना खालून जायचं काय अडलं होतं?"

ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं, कारण दोष माझ्यावर आला नव्हता. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

ताप उतरल्यावर सुमिरा बहिणीला बघायला निघाली. रिक्षाने एकदा नेलंही कोणीतरी, पण रोज कोण नेणार? तिचे गुडघे वाकत नव्हते. ती पायरीवर पाठमोरी बसे, हात टेकून अंग वरच्या पायरीवर ओढून घेई. अशा चव्वेचाळीस पायऱ्या वर, तशाच चव्वेचाळीस खाली. दिवसाआड ती हे करी. माझं लोखंड उन्हाने तापलेलं असे आणि मला ते गारही करता येत नसे.

तिसऱ्या आठवड्यात रुस्तमाजी नावाचा नगरपालिकेचा एक पोक्त कर्मचारी माझ्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसला. पुलावरून किती माणसं जातात ते तो मोजत होता. सुमिरा खाली उतरून त्याच्याजवळ दम खात बसली.

"मला मोजलंस का रे बाबा?"

"मोजलं की, म्बाह. वर चढणाऱ्या सगळ्यांना मोजतो," तो आदराने म्हणाला. तिकडे आजीला म्बाह म्हणतात.

"आणि चार पायऱ्या चढून परत फिरणाऱ्यांना? आणि जे घरातून निघतच नाहीत त्यांना?"

रुस्तमाजीने वही मिटली. ती परत निघाली तेव्हा तो तिच्याबरोबर चालला. पूल ओलांडायला छत्तीस मिनिटं लागली, तेवढं त्याने लिहून घेतलं.

पुढे अर्ज झाले, वस्तीतली माणसं कचेरीत खेटे घालत राहिली. कठड्यात वाट करून पांढरे पट्टे आणि सिग्नल आले तेव्हा सुमिराला जाऊन पाच महिने झाले होते. सिग्नलही आधी वीस सेकंदांचा होता. वारसिनी तेवढ्यात अर्ध्यावरच पोचे. पुन्हा अर्ज झाला. आता पंचेचाळीस सेकंद मिळतात. वॉकरच्या आधाराने ती रस्ता ओलांडते आणि बहिणीच्या सुनेकडे जाते. माझ्याकडे ती कधी बघत नाही. बघावं असं मी काही केलेलंही नाही.

मित्रांनो, एक दिवस घरातल्या आजीआजोबांचा हात धरून त्यांच्या चालीने आपल्या गल्लीतून चाला. ते कुठे थांबतात, कुठून मागे फिरतात, नीट पाहा. आणि पाहिलंत की मोठ्या माणसांना सांगा. मला ते रोज दिसत होतं, आणि मी माझ्या टाळ्या आठवत उभा होतो.