वारज्याच्या बागेतला संशय

मी एक जुना झोका आहे, मित्रांनो. हडपसरच्या एका शेडमध्ये माझे लोखंडी पाइप जोडले गेले आणि वारज्याच्या एका बागेत मला उभं केलं. तेव्हा माझ्यावर बसायला मुलं भांडायची. पुढे रंगीत घसरगुंड्या आल्या आणि मी कोपऱ्यात गंजत राहिलो. नुसतं लटकत राहिलं की नजर भलतीकडे जाते. माझी एका माणसावर खिळली.

तो भर दुपारी तीनला यायचा. आधी फाटकातून डोकावून बाग रिकामी आहे ना, ते बघायचा. सोबत चार वर्षांची मुलगी. ती त्याच्याकडे बघायची नाही, बाबा म्हणायची नाही. त्यानेही तिला कधी नावाने हाक मारली नाही. माझ्या पाइपवर दोनदा टकटक करायचा, की ती येऊन बसायची. दुसरं कोणी आलं, की तिला उचलून चालता व्हायचा. असा कोणता बाप वागतो? मला तो माणूस बरा वाटेना.

समोरच्या सोसायटीतल्या निवृत्त रंगरावांनाही वाटेना. बागेत झाडलोट करणाऱ्या वेणूबाईंना ते म्हणाले, "मी नमस्कार केला तर गृहस्थ मान फिरवतो. लक्ष ठेवा जरा."

"पोरगी त्याचीच हाय ना?"

"तेच तर विचारतोय मी!"

एका मंगळवारी शेजारी गवत कापायचं मशीन सुरू झालं. मुलीने कान दाबले, किंचाळत खाली पडली आणि डोकं जमिनीवर आपटू लागली. त्याने तिच्या डोक्याखाली हात घातला, मग तिला उचलून फाटकाकडे धावला. ती त्याला चावत होती, ओरबाडत होती. रंगराव फाटकात आडवे उभे राहिले. रस्त्यावरची दोन पोरं गाडी लावून आत आली. एकाने मोबाइल समोर धरून व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

"मुलीचं नाव काय?" रंगरावांनी विचारलं.

"अ... अ..." त्याचे डोळे मिटले, जबडा ताठरला.

"बापाला मुलीचं नाव सांगायला मुहूर्त लागतो का?"

"पळवतोय काका! पोलिसांना फोन लावा!" म्हणत दुसऱ्या पोराने मुलीला त्याच्या हातून ओढून घेतलं. आणि मी? खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. माझा संशय खरा ठरला होता.

वेणूबाईंनी आधी मशीन बंद करायला लावलं. मग त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "माझा भाऊ बोलताना असाच अडकायचा. मधी कुनी बोलू नका. आन पोरीला आधी त्याच्याकडं द्या."

मुलगी त्याच्या मानेत तोंड खुपसून हळूहळू शांत झाली. सगळे थांबले. बराच वेळ गेला.

"अ-अपेक्षा. माझी म-मुलगी. ऑटिझम आहे तिला. आवाज स-सहन होत नाही. म्हणून दुपारी येतो. तिचं न-नावच माझ्या तोंडून निघत नाही."

तरी रंगरावांनी फोटो मागितला. त्याने मोबाइलवर दाखवला. तिघं होती, मुलगी आईच्या कडेवर. "मग हे आधी सांगायचं," रंगराव म्हणाले आणि बाजूला झाले.

त्यानंतर अकरा दिवस माझ्यावर कोणी बसलं नाही.

बाराव्या दिवशी ती आली, पण संध्याकाळी आणि तिघं मिळून. आता संशयाने बघत होती ती मुलीची आई, तनुजा. आमच्या प्रत्येकाकडे. ती थेट रंगरावांपुढे उभी राहिली.

"काका, तो व्हिडिओ तुम्ही कुठेकुठे पाठवलात? 'मुलं पळवणारा' म्हणून माझ्या नवऱ्याच्या, इंद्रजीतच्या ऑफिसपर्यंत गेलाय तो."

"मी... म्हणजे त्या पोराने पाठवला तसाच... फक्त सोसायटीच्या ग्रुपवर... मी..." रंगरावांना शब्द सापडेनात. तनुजा पुढे काही बोलणार, तेवढ्यात इंद्रजीतने तिचा हात धरला.

"ब-बोलू दे त्यांना," तो म्हणाला आणि वाट बघत राहिला.

रंगरावांना खूप वेळ लागला. मग ते म्हणाले, "चुकलं माझं. आज ग्रुपवर माझ्या नावानं लिहितो."

तनुजाची नजर निवळली नाही. का निवळावी? अपेक्षा मात्र माझ्या साखळीला गाल लावून बसली होती.

मित्रांनो, कोणाचा शब्द अडला किंवा कोणाचं मूल भर रस्त्यात किंचाळलं, तर मोबाइल काढू नका, पोलीसही होऊ नका. दोन मिनिटं थांबा. संशय घेताना मी थांबलो नव्हतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.