कोलंबी निर्दोष

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आमच्या कोन गावच्या घरात कोलंबीचा निकाल लागायचा होता.

आईला कोपरांच्या वळीत इसब होतं. ते उसळलं की सगळी आळी कोलंबीला शिव्या द्यायची. पनवेलच्या डॉक्टरांनी मात्र संशयित पदार्थ सगळेच बंद करून एकेक परत सुरू करायला लावले. "प्रत्येकाचं वेगळं असतं," ते म्हणाले, "काहींचं तर खाण्यामुळे नसतंच." दूध निर्दोष सुटलं, शेंगदाणेही सुटले. अंड्याने हात लालेलाल केले. उरली कोलंबी.

ती खाऊन झाल्यावर चार दिवसांनी चंद्रावती आत्या टॉर्च घेऊन आईची कोपरं तपासायला बसली.

"खाजवतंय?"

"नाय."

"खरा सांग, वयनी. कोलंबीसाठी तू देवाशी पन खोटा बोलशील."

"नाय गं बाय! बघ, नवरीवानी हाय कातडी!"

आणि आई हातातल्या पळीसकट ओट्यापाशी नाचली. माझ्या भावाने, निकेशने, शिट्टी मारली.

पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं. ते दुखणं जुनं होतं. खाण्याशी त्याचा संबंध नव्हता.

आमच्या घरची रीत अशी, की सुतक फिटल्यावर मासे शिजतात तेव्हा पहिलं पान गेलेल्याचं. जो वाढतो त्याने त्या माणसाशी मोठ्याने बोलायचं.

आत्याने भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. "वयनी, पोटभर खा. आता कोन अडवत नाय."

निकेशने शेजारी उकडलेलं अंडं ठेवलं.

"अंडा नको रे मेल्या!" आत्या किंचाळली. "खाज उठंल तिला!"

निकेशने हात मागे घेतला.

"आत्या, आता कुठे उठणार?"

"आन् उठली तर? मलम लावायला तू जाशील वर?"

आधी निकेशला हसून ठसका लागला, मग मला. आत्या हसता हसता भिंतीला टेकली, डोळे पुसत पुसत तिने ते अंडं उचललं आणि स्वतःच खाऊन टाकलं, पुरावा राहू नये तसं. आम्हाला पुन्हा हसू फुटलं.

मग माझी पाळी आली. आमच्यात मायलेकी असलं काही बोलत नाहीत, आयुष्यभर मी "जेवलीस का?" एवढ्यावरच भागवलं होतं. हसून पोट दुखत होतं. मी पानात लिंबाची फोड ठेवली.

"आई," मी म्हणाले, "मला तू फार आवडतेस."