लखीचंदनानांची वावधनं

शिरपुरात लखीचंदनानांच्या माळ्याचं दार आतून शिसपेन्सिलीनं भरलं होतं. चाळीस सालापासूनचं प्रत्येक वावधन, म्हणजे उन्हाळ्यात विजा आणि गारा घेऊन येणारं तुफान, नानांनी त्यावर टिपलं होतं. तिथी, वाऱ्याची दिशा आणि गारेचं माप. मापं तीनच: सुपारी, बोर, लिंबू. लिंबू एकदाच, एकोणपन्नास साली. तेव्हा अर्ध्या गल्लीची कौलं फुटली होती.

नाना माघात गेले. चौऱ्याहत्तरच्या वैशाखात त्यांची लेक प्रेमकुंवर देवपूरहून माहेरी आली, ती बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायच्या निमित्तानं. खरं कारण आई. गुलाबबाईंचा राग गल्लीत प्रसिद्ध होता. दूधवाला भटू त्यांच्या धाकानं कोपऱ्यावरच सायकलवरून उतरायचा. पण माघापासून त्या कुणावर रागावल्या नव्हत्या. भाजी खारट झाली तरी मुकाट जेवायच्या. प्रेमकुंवरला त्याचीच धास्ती वाटत होती.

त्या दिवशी पाच घरांचे ज्वारीचे बिबडे गच्चीवर नानांच्या जुन्या धोतरांवर वाळत होते. हवा कोरडी राहील, असं रेडिओनं सकाळीच सांगितलं होतं. दुपारी वारा पडला आणि उत्तरेचा सातपुडा पुसल्यासारखा दिसेनासा झाला. प्रेमकुंवरनं माळ्यावर जाऊन दार वाचलं. अकरा नोंदी अगदी तशाच होत्या: सातपुडा दिसेना, वारा बंद, तासाभरात गारा.

गच्चीवर परत येऊन ती बायकांना ‘उचला’ म्हणाली. शेजारच्या बेबाबाईंनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पदर खोचला. एकेका धोतराची चार टोकं चौघींनी धरली. सात धोतरं जिन्यानं खाली आली, आणि ओलसर बिबडे एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले.

तास गेला. दूर चोपड्याकडे दोनदा गडगडलं. मग सातपुडा पुन्हा आपल्या जागी, धुतल्यासारखा स्वच्छ.

“प्रेमअक्का, पानी कोठे शे?” बेबाबाईंनी विचारलं.

गुलाबबाईंनी गोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांचे हात कमरेवर गेले.

“बापाचीच लेक. त्यांनी तीस वर्षं मला या जिन्यावरून पळवलं, आता तू पळव. तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पाच घरांची. लिंबू नाही, बोर नाही, सुपारीसुद्धा नाही. रेडिओ सांगत होता तेव्हा कानात बोळे घातले होतेस का?”

संध्याकाळचं दूध घेऊन आलेला भटू कोपऱ्यावरच सायकलवरून उतरला. बेबाबाईंना पहिल्यांदा हसू फुटलं, मग सगळ्याच जणींना. गुलाबबाई बोलतच राहिल्या, आणि बोलता बोलता त्यांनीच तेल-तिखट आणलं. गोळे ओटीवरच संपले.

पेन्सिल घेऊन प्रेमकुंवर माळ्यावर गेली. दारावर जागा शोधत ती खाली बसली, तेव्हा तळाच्या फळीवरचं बारीक अक्षर तिला प्रथमच दिसलं. नानांनी चुकाही टिपल्या होत्या. ‘आज चुकलो. गुलाब रागावली.’ पुन्हा तेच, आणि पुन्हा. तिनं मोजलं, सत्तावीस वेळा.

तिनं खाली लिहिलं: ‘वैशाख वद्य पंचमी. आज चुकले. आई रागावली.’