आधी मला विचार

“आज खुर्चीत तुम्हीच बसा, लाहूभाऊ,” विनिता मॅडम म्हणाल्या.

डहाणूच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचा मी एकोणीस वर्षं शिपाई. मेट्रोनोमला, म्हणजे टिकटिक करणाऱ्या यंत्राला, चावी द्यायची आणि प्रयोगाच्या खुर्चीत पोरी बसल्या की भिंतीला टेकून उभं राहायचं, एवढंच माझं काम. पण भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून पोरी येईनात. आलेल्या तिघींचंही मन थाऱ्यावर नव्हतं.

मॅडमचं व्याख्यान मला तोंडपाठ. हे शास्त्र जर्मनीत जन्मलं, एका खोलीत. टिकटिक ऐकवायची आणि माणसानं स्वतःच्या मनात डोकावून सांगायचं, आत काय झालं. बाहेर काय आहे ते सांगायचं नाही, हा नियम.

अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो मी. नियम माझ्या गावी, वेवजीला, घरी नेला. भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती, आणि माझी बायको जिवली तीन महिने अंगणात चूल मांडून होती.

“हालतंय,” ती म्हणायची.

“हालतंय म्हणू नको. आत काय झालं ते सांग.”

“पोटात धस्स झालं.”

“मग ती तुझी भीती. घर हाय तिथंच हाय.”

कालच तिला चुलीसकट घरात आणलं. बजावलं, धस्स झालं तरी पळायचं नाही, आधी मला फोन करून विचारायचं. ती बिचारी “बरं” म्हणाली.

खुर्चीत बसलो. टिकटिक सुरू झाली.

“आत काय होतंय?” मॅडमनी विचारलं.

“पोटात धस्स झालं,” मी म्हणालो. शब्द जिवलीचेच होते. तेवढ्यात कपाटाच्या काचा खडखडल्या आणि बंद पंखा झुलायला लागला.

सगळे मैदानाकडे पळाले. मीही पळालो. कुणाला विचारलं नाही. जिवलीचा नंबर लावायला मोबाईल काढला. तोच तिचा फोन आला.

“ऐकता का? तिकडं हाललं काय?”

“हाललं! तू कुठं हायस?”

“चुलीपाशी. वरनं माती पडते. मग मी भायेर जाऊ का?”

“पळ, जिवले, पळ!”

भांडं उलथल्याचा आवाज आला, मग तिची धाप. “आले भायेर,” ती म्हणाली. मी मैदानातच पोरींसमोर रडलो.

संध्याकाळी घरी पोचल्याबरोबर चुलीचे तिन्ही दगड मीच उचलून अंगणात मांडले. लाकडं लावली. जिवलीनं फुंकणी हातात घेतली, पण फुंकर घालण्याआधी विचारल्यासारखं माझ्या तोंडाकडे पाहिलं.